अठरा तासांचं वाक्य आणि एमबीएचं पहिलं वर्ष

आपल्या घरात पोरगं पुस्तक घेऊन बसलं की कोणी ना कोणी म्हणतंच, "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे." मीही हे ऐकत वाढले आणि बेलवलीतून मुंबईतल्या एका कॉलेजात एमबीएपर्यंत पोचले. मुंबई विद्यापीठात या शिक्षणाला एमएमएस म्हणतात. दोन वर्षं, चार सत्रं. त्यातल्या पहिल्या वर्षाची परीक्षा नुकतीच संपली. आरोग्याच्या पानावर त्याबद्दल लिहायचं कारण असं, की या वर्षाची फी पावतीवर दिसते, पण बरीचशी वसुली शरीरातून होते, आणि ती कमी करणं पुष्कळसं घराच्या आणि वस्तीच्या हातात आहे. अठरा तासांचं ते वाक्य आपण पोरांना अर्धंच सांगतो, असं माझं मत झालं आहे.

आधी हे शिक्षण कसं असतं ते सांगते, कारण आमच्या घरीही कोणाला कल्पना नव्हती. बीए-बीकॉमला कॉलेज म्हणजे सकाळचे तीन-चार तास, आणि परीक्षेआधी महिनाभर अभ्यास. एमबीएत तसं नसतं. पहिल्या सत्रातच हिशेबशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, उत्पादन, संवादकौशल्य असे विषय एकदम अंगावर येतात. सीईटीनंतरच्या प्रवेशफेऱ्या लांबतात, वर्ग उशिरा सुरू होतात, आणि सहा महिन्यांचं सत्र तीन-साडेतीन महिन्यांत उरकलं जातं. प्रत्येक विषयाचं ग्रुपचं काम वेगळं, प्रत्येकाचं प्रेझेंटेशन वेगळं. पाच-सहा जणांचा गट, आणि ते सगळे मोकळे होणार रात्रीच. शिवाय संध्याकाळी कंपन्यांतल्या पाहुण्यांची भाषणं, कमिट्यांची कामं, हजेरीची अट. पहिल्या महिन्यापासूनच उन्हाळ्यातली इंटर्नशिप कोणाला मिळणार याची कुजबुज सुरू होते. आई विचारायची, "परीक्षा तर लांब आहे, मग एवढी कशाला जागतेस?" तिचा प्रश्न रास्त होता. ती कॉलेज ज्याला समजत होती, ते हे नव्हतंच.

आता प्रवास. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. जलद गाडी मिळाली आणि वेळेवर धावली तरी दीड तासाच्या आसपास. कल्याणच्या पुढे आपल्या बाजूला दोनच मार्ग, तिसऱ्या-चौथ्याचं काम चालू आहे, त्यामुळे लांब पल्ल्याची एखादी गाडी पुढे काढली की लोकल उभी. सकाळी गाडी फलाटाला लागते तेव्हा ती अर्धी भरलेलीच असते, कारण अंबरनाथहून उलट बसून आलेले आधीच जागा धरून असतात. (त्यांना तरी काय बोलणार, तेही आपलेच.) पावणेनऊच्या वर्गासाठी मी पाचला उठायचे. परत घरी यायला साडेआठ-नऊ. जेवण, आवराआवर, आणि दहाला ग्रुपचा कॉल. तो बाराच्या आत कधी संपला नाही. झोप मिळायची साडेचार तास, रविवारी थोडी जास्त.

मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते, हे डॉक्टर सांगतात आणि आपण हसून सोडून देतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, असं त्यात दिसलं. पाचला उठणाऱ्या पोरीचे सतरा तास रात्री दहाला भरतात. म्हणजे आमचं गटाचं काम सुरू व्हायचं त्याच वेळी माझं डोकं दोन घोट घेतलेल्या माणसासारखं चालत होतं, आणि त्याच डोक्याने ताळेबंद जुळवायचा होता. न जुळल्यावर आपण मंद आहोत असं वाटायचं. गटातली इतर मुलं वीस मिनिटांत घरी पोचणारी होती, दुपारी झोप काढून कॉलवर बसायची. त्यांच्याशी स्वतःची तुलना करताना हे गणित कोणी मांडत नाही.

झोप कमी पडली की आधी चिडचिड वाढते, मग विसरायला होतं, मग गोड आणि तळलेलं खावंसं वाटू लागतं. घरच्यांना यातली फक्त चिडचिड दिसते. "शिकायला लागल्यापासून तोंड वर करून बोलते" हे वाक्य आमच्या चाळीत बऱ्याच पोरींनी ऐकलं असेल. तिला आधी एक रात्र झोपू द्या, मग तोंडाचं बघा.

खाण्याचं तर विचारू नका. साडेपाचला चहा-बिस्किट, अकराला वडापाव, दुपारी पुन्हा चहा, संध्याकाळी स्टेशनवर जे मिळेल ते. आमच्या वर्गात मुंबईच्या डबेवाल्यांची केस शिकवली गेली. हार्वर्डनेही ती २०१० साली लिहून घेतलेली आहे. उपनगरातल्या घरचं गरम जेवण कचेरीतल्या माणसाला वेळेवर कसं पोचतं, त्यात चुका इतक्या कमी कशा, यावर आम्ही दीड तास चर्चा केली. त्या दिवशी माझ्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं, आणि अ‍ॅसिडिटीने छातीत जळत होतं. डबा न्यायचे मी अधूनमधून, पण आई प्रेमाने देते ती सुकट बंद एसीच्या वर्गात उघडण्याची सोय नसते. एकदा उघडला तर दोन बाकांवरून नाकं मुरडली गेली. तेव्हापासून डब्यात भेंडी आणि बटाटाच.

दिवाळीनंतर जिने चढताना धाप लागायला लागली. दादरचा पूल चढून वर आलं की डोळ्यांसमोर काळोखी यायची. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.१ निघालं. बाईचं ते किमान १२ असावं लागतं. यात मी काही वेगळी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, शंभरात ५४, बायकांना रक्तक्षय आढळला होता. अभ्यासात लक्ष लागत नाही, सारखं लोळावंसं वाटतं, पाय दुखतात, केस गळतात, यातलं बरंचसं आळसाच्या नावावर खपून जातं आणि खरं कारण रक्तात असतं.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की प्रवेश पक्का झाला की कॉलेजची बॅग घेण्याआधी मुलीचं रक्त तपासून घ्या. मुलाचंही घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते, लोहाच्या गोळ्याही तिथेच मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलावा. लिंबू पिळलेली उसळ, हरभरे, हिरवा पाला, अंडं, परवडेल तेव्हा कलेजी, हे सगळं आपल्या चुलीवर होणारंच आहे. पहाटे काही करायला वेळ नसेल तर रात्रीच दोन अंडी उकडून, मूठभर चणे भिजवून ठेवता येतात. गाडीत जागा मिळाली तर खाऊन होतात. आणि पाणी! लोकलमध्ये आणि स्टेशनवर बायकांची सोय नसते म्हणून आम्ही बहुतेक जणी सकाळपासून पाणीच पीत नाही. मग लघवीला जळजळ, ताप, आणि नेमकं सादरीकरणाच्या दिवशी अंथरूण. कॉलेजात पोचल्यावर आधी बाटलीभर पाणी, हा नियम केल्यावर माझा तो त्रास कमी झाला.

शरीराचं इतकं सांगितलं. मनाचं सांगायला आपल्याकडे जरा जड जातं.

पहिल्या आठवड्यात ओळख करून देताना आडनावानंतर लगेच विचारलं जातं, "सीईटीला पर्सेंटाइल किती?" विचारणाऱ्याला पर्सेंटाइलमध्ये रस नसतो, हे दोन दिवसांत कळतं. गटात काम वाटताना आकडे गोळा करणं, स्लाइड बनवणं, छपाई करून आणणं माझ्याकडे यायचं. उभं राहून बोलायचं काम कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांकडे. "तुझं इंग्लिश अजून थोडं सुधारू दे" असं गोड आवाजात सांगितलं जायचं. मग ज्या दिवशी बोलायची पाळी आली त्या दिवशी तळहात ओले, छातीत धडधड, पोटात गोळा, आणि तोंडातून शब्द निघेना. मला वाटलं हृदयाचा काही आजार आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, ही घबराट आहे, आणि झोप व रक्त दोन्ही कमी असल्यावर ती दुप्पट होते. हे कळल्यावरच निम्मी भीती गेली. बाकीची निम्मी सरावाने गेली. आरशासमोर नाही, घरातल्या लोकांसमोर. आजीला इंग्रजी कळत नाही, पण मी कुठे अडखळले ते तिला बरोबर कळायचं.

सगळ्यांचं इतक्यावर निभावत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाला असलेला दर्शन सोळंकी गेला. त्याला जातीवरून वेगळं वागवलं जात होतं असं घरच्यांचं म्हणणं होतं, संस्थेच्या चौकशी समितीने ते मान्य केलं नाही. समितीचं काहीही असो. आपल्या घरांनी त्यातून एवढं तरी घ्यावं, की पहिलं वर्ष हे जोखमीचं वर्ष आहे. नवी जागा, नवी भाषा, बरोबर बोलायला कोणी नाही, आणि घरी सांगावं तर आईबापांची मान खाली जाईल ही भीती. पोरगं फोनवर नुसतं "बरं आहे" म्हणत असेल, जेवण टाकत असेल, मित्रांचा विषय काढला की गप्प होत असेल, "सोडून देऊ का" असं एकदाही बोललं असेल, तर त्याला फीचा आकडा ऐकवू नका. शेजारी बसा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो आजारपण पुरतं वाढल्यावरच लावायचा असतो असं नाही. कॉलेजातही दाद मागायची जागा आहे. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे भेदभावाची तक्रार घेणारा अधिकारी आणि समान संधी कक्ष असायला हवा. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. प्रवेश घेतानाच या दोघांची नावं विचारून वहीत लिहून ठेवावीत. गरज पडते त्या दिवशी शोधत बसण्याचं त्राण नसतं.

पैशाचा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असं कोणी म्हणेल. माझी निम्मी झोप त्यानेच गेली म्हणून. जातवैधता प्रमाणपत्र हातात असेल, प्रवेश कॅप फेरीतून असेल आणि घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. उत्पन्न वर असेल तर फ्रीशिप आहे. व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा घेतली की हे दार बंद, आणि मग कर्ज. हप्ते उशिरा येतात, मधल्या काळात ऑफिसातून फीचे निरोप येत राहतात, आणि प्रत्येक निरोपाला पोटात कालवतं. शिष्यवृत्तीत फीखेरीज भत्ता मिळतो तो घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला ७,००० रुपये. दिवसाचे वीस रुपयेसुद्धा होत नाहीत. त्यात वडापाव येईल, जेवण येणार नाही. तेव्हा घराने फीबरोबर खाण्याचाही खर्च धरायला हवा. तो पोरीने आपल्या पोटातून काढावा, असं गृहीत धरू नये.

आणि जमत असेल तर पहिलं वर्ष कॉलेजजवळ काढू द्या. समाजकल्याणची वसतिगृहं आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासून सुरू झालेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबईसारख्या शहरात शिकणाऱ्या, तिथले रहिवासी नसलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला राहण्या-जेवण्यासाठी तीत वर्षाला ६०,००० रुपये ठरवलेले आहेत. गुणांच्या, उत्पन्नाच्या अटी समाजकल्याण कार्यालयात आधीच विचारून घ्याव्यात. मुलाला पाठवायला आपण चटकन तयार होतो. मुलीचं म्हटलं की लोक काय म्हणतील. रोज तीन तास लोंबकळत जाणं-येणं आणि रात्री नऊला अंधारातून घरी येणं चालतं, आणि वसतिगृहात राहणं चालत नाही, यातलं तर्कशास्त्र मला अजून समजलेलं नाही.

आता त्या अठरा तासांकडे येते. बाबासाहेबांनी तसा अभ्यास केला, यात शंका नाही. पण १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात शिकले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. तिची मुदत संपली तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना १९१७ मध्ये परतावं लागलं, आणि पैसे जमवून पुन्हा जायला १९२० साल उजाडलं. पैसा नसला की बुद्धी असूनही काय होतं, हे त्यांनी स्वतः भोगलं. पुढच्या आयुष्यात मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने त्यांना सोडलं नाही. शेवटी शेवटी आधाराशिवाय चालणं कठीण झालं होतं. आणि त्यांनी आपल्या हातात संस्था आल्याबरोबर काय केलं? बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढलं. मुलांना राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं पाहिजे, हे त्यांनी शिक्षणाच्या कामात पहिल्या रांगेत धरलं. उपाशीपोटी, अर्ध्या झोपेत शिकणं त्यांना भाग पडलं. पुढच्यांना ते भाग पडू नये याची त्यांनी तजवीज केली. आपण मात्र त्यातली उपासमार उचलून पोरांना आदर्श म्हणून दाखवतो आणि वसतिगृहाची गोष्ट गाळतो. सुजाताच्या खिरीची कथा दर बुद्धपौर्णिमेला सांगणाऱ्या समाजाला हे मी वेगळं समजवावं असं नाही.

घरात करायच्या गोष्टी साध्या आहेत, तरी त्यावरूनच भांडणं होतात. मुलगा एमबीए करतो तेव्हा चहा त्याच्या हातात येतो. मुलगी करते तेव्हा ती आल्यावर भाकऱ्या थापल्या जातात, कारण "दिवसभर बसूनच तर होतीस". पहिलं वर्ष तरी तिच्या वाटणीचं पाणी भरणं आणि रात्रीची भांडी भावाने उचलावीत. आमच्याकडे माझ्या भावाने जानेवारीपासून भांडी घासायला घेतली. पहिले आठ दिवस शेजारी हसले, नंतर कोणाचं लक्षही नव्हतं. रात्री टीव्हीचा आवाज कमी ठेवणं, पाहुण्यांना शनिवारी बोलावणं, एक कोपरा आणि एक दिवा तिच्यासाठी मोकळा ठेवणं. यात पैसे जात नाहीत.

एक गोष्ट वस्तीला सांगायची आहे आणि ती काहींना आवडणार नाही. दुसऱ्या सत्राच्या परीक्षा एप्रिलच्या आसपास येतात, आणि एप्रिल आपल्या जयंतीचा महिना. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने मनाई आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्यांच्या नावाने आपण तो भिंतीएवढा आवाज लावतो त्यांची पुस्तकं मिटून पोरं कानात कापूस घालून बसतात, हे मी तीन घरांत पाहिलं. मिरवणूक निघावी, मीही चालते. चौदा तारखेच्या आधीचे आणि नंतरचे पंधरा दिवस रोज रात्री डीजे कशाला, एवढंच विचारते.

आमच्या विहारात दोन चांगले पंखे आहेत, चार ट्यूबलाइट आहेत, आणि रविवारची वंदना सोडली तर आठवडाभर दाराला कुलूप असतं. रात्री आठ ते बारा तिथे अभ्यासाला बसू द्यावं, असा अर्ज आम्ही चार विद्यार्थ्यांनी मंडळाला दिला आहे. वाढणारं लाइटबिल आम्ही भरू, झाडलोट आम्ही करू असंही लिहून दिलं. मंडळाची तशी ना नाही, चावी कोणाकडे ठेवायची यावर गाडी अडली आहे. महिला मंडळातल्या एका मावशींनी आपल्याकडे ठेवायची तयारी दाखवली आहे, त्यांचं घर विहाराला लागूनच आहे. माझी इंटर्नशिप पुढच्या आठवड्यात सुरू होते, त्यामुळे पुढच्या बैठकीला मला येता येईलच असं नाही. यंदा वस्तीतून तिघांनी सीईटी दिली आहे. त्यांचे वर्ग सुरू व्हायच्या आत मावशींकडे चावी गेलेली असावी.